सात कार्यक्रम, चौऱ्याऐंशी शाळा : चारित्र्यशिक्षणाच्या एका मोठ्या चाचणीचे प्रकरण

ऑक्टोबर २०१० मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन सायन्सेस’ या संशोधन संस्थेने एक जाडजूड अहवाल प्रसिद्ध केला. प्राथमिक शाळांत राबवल्या जाणाऱ्या सात चारित्र्यविकास कार्यक्रमांची तीन वर्षे चाललेली चाचणी हा त्याचा विषय होता आणि निष्कर्ष चार ओळींत मावणारा होता. सरासरीने पाहता या कार्यक्रमांमुळे मुलांची सामाजिक व भावनिक क्षमता वाढली नव्हती, वर्तन सुधारले नव्हते, अभ्यासातील प्रगती वाढली नव्हती आणि शाळेच्या वातावरणाबद्दलचे मुलांचे मतही बदलले नव्हते. या विषयावर तोवर झालेल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत काटेकोर चाचण्यांपैकी ही एक होती, त्यामुळे निकालाकडे काणाडोळा करणे कोणालाच परवडण्यासारखे नव्हते.

‘संस्कार शाळेत शिकवून येत नसतात’ असे मानणाऱ्यांनी या अहवालाचा आधार घेतला आणि कार्यक्रमांच्या समर्थकांनी चाचणीच्या आखणीत दोष दाखवले. दोन्ही बाजूंचे म्हणणे वाचल्यावर माझे मत असे झाले आहे की या प्रकरणातून मूल्ये शिकवता येतात की नाहीत याबद्दल जेवढे कळते, त्याहून बरेच अधिक दुसऱ्या दोन गोष्टींबद्दल कळते. कार्यक्रमाची तुलना कशाशी केली आणि मोजणारा कोण होता, या त्या दोन गोष्टी. अशा कार्यक्रमांबाबतचे बहुतेक वाद याच दोन प्रश्नांवर येऊन अडतात, आणि येथे ते एकाच वेळी, एकाच शाळांच्या संदर्भात उभे राहिलेले दिसतात.

पार्श्वभूमी

अमेरिकी शाळांमध्ये चारित्र्यशिक्षणाची चळवळ नवी नव्हती. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत ती जोरात होती. १९२८ ते १९३० या काळात ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे यांनी हजारो मुलांवर केलेल्या प्रामाणिकपणाच्या चाचण्यांचे तीन खंड प्रसिद्ध झाले. प्रामाणिकपणाबद्दल वर्गात उपदेश करणे आणि मुलाने प्रत्यक्ष प्रसंगी प्रामाणिक राहणे यांचा खात्रीचा संबंध नाही, हे त्यांतून पुढे आले, आणि चळवळीचा जोर ओसरण्यामागच्या कारणांत या खंडांचाही वाटा मानला जातो. १९९० च्या दशकात मात्र तिने पुन्हा उचल खाल्ली. १९९५ पासून केंद्र सरकार राज्यांना चारित्र्यशिक्षणासाठी अनुदान देऊ लागले. एप्रिल १९९९ मध्ये कोलोरॅडोतील कोलंबाइन हायस्कूलमध्ये गोळीबार झाला आणि शाळेतील हिंसा हा राष्ट्रीय चिंतेचा विषय बनला. पुढे जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या कारकिर्दीत हे अनुदान जवळजवळ तिप्पट झाले.

पैसा वाढला तसे हिशेब मागणारेही आले. २००२ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन सायन्सेसची स्थापना झाली. औषधाची परीक्षा जशी रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी करून घेतात, तशीच शैक्षणिक कार्यक्रमांचीही घेतली पाहिजे, हा तिचा आग्रह होता. हिंसा हा सार्वजनिक आरोग्याचाही प्रश्न असल्याने ‘सेंटर्स फॉर डिसीज कंट्रोल अँड प्रिव्हेन्शन’ ही रोगनियंत्रण संस्थाही सोबतीला आली. दोघींनी मिळून सात संशोधन चमूंना अनुदान दिले, आणि सातही ठिकाणी एकाच पद्धतीने माहिती गोळा करून तिचे विश्लेषण करण्याचे काम ‘मॅथेमॅटिका पॉलिसी रिसर्च’ या स्वतंत्र संस्थेकडे सोपवले.

आखणी

प्रत्येक चमूने आपापल्या भागातील दहा ते अठरा शाळा मिळवल्या आणि त्यांची चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागणी केली. एका गटातील शाळांत नेमलेला कार्यक्रम पूर्ण शाळाभर राबवला जाणार होता. दुसऱ्या गटातील शाळांनी आपले नेहमीचे कामकाज चालू ठेवायचे होते. सातही ठिकाणच्या मिळून ८४ शाळा झाल्या. २००४ च्या शरद ऋतूत तिसरीत असलेली मुले निवडण्यात आली आणि २००७ च्या वसंतात ती पाचवी पूर्ण करीपर्यंत पाच वेळा माहिती घेण्यात आली. सहा हजारांहून अधिक मुलांची माहिती या अभ्यासात आली.

सातही कार्यक्रमांची कुळी एक असली तरी घडण वेगवेगळी होती. बफेलो विद्यापीठाच्या चमूचा कार्यक्रम वर्गातील शिस्त आणि अभ्यासातील मदत यांवर उभा होता. नॉर्थ कॅरोलायना, मेरीलँड आणि टेनेसी येथील कार्यक्रमांत शिक्षकांचे प्रशिक्षण, समवयस्कांशी वागण्याची कौशल्ये आणि सद्गुणांचे पाठ यांचे कमीअधिक मिश्रण होते. उरलेल्या तिघांकडे थोडे निरखून पाहिले पाहिजे.

‘पाथ्स’ हा कार्यक्रम १९८० च्या दशकात मुळात कर्णबधिर मुलांसाठी तयार झाला आणि नंतर सर्वसाधारण वर्गांत आला. त्यात वर्गाच्या भिंतीवर वाहतूक सिग्नलचे चित्र लावलेले असते. राग आला की लाल दिव्यावर थांबायचे व शांत व्हायचे, पिवळ्यावर काय करता येईल याचा विचार करायचा आणि हिरव्यावर ते करून पाहायचे, असा तो क्रम. भावनेला नाव देता आले की तिच्यावर ताबा मिळवणे सोपे जाते, हे या कार्यक्रमाचे गृहीतक आहे.

न्यूयॉर्कमधील ‘फोर आर्स’ या कार्यक्रमात शिक्षक वर्गाला एक गोष्टीचे पुस्तक वाचून दाखवतात, त्यावर चर्चा व लेखन होते आणि मग त्याच गोष्टीतील भांडणाच्या धाग्यावरून तंटा सोडवण्याचे पाठ घेतले जातात. चारित्र्याचा तास भाषेच्या तासाला जोडलेला असल्याने तो वेगळा काढावा लागत नाही. वेळापत्रकात जागा शोधून दमलेल्या कोणत्याही मुख्याध्यापकांना या युक्तीचे मोल कळेल.

तिसरा ‘पॉझिटिव्ह ॲक्शन’. कॅरल ऑलरेड या शिक्षिकेने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आयडाहो राज्यात तो रचला आणि पुढे त्याची कंपनी झाली. चांगला विचार केला की चांगली कृती होते, कृतीमुळे स्वतःबद्दल चांगले वाटते आणि तसे वाटले की पुन्हा चांगला विचार येतो, या वर्तुळावर सारी रचना बेतलेली आहे. आठवड्यातून चार दिवस, दर वेळी पंधरा ते वीस मिनिटांचा पाठ, आणि वर्षाला एका इयत्तेसाठी सुमारे १४० पाठ अशी त्याची भरगच्च मांडणी आहे. साहित्याचा संच तयार येतो. वर्गात एक पेटी ठेवलेली असते, आणि कोणी काही चांगले करताना दिसले की त्याचे नाव व ती गोष्ट चिठ्ठीवर लिहून त्या पेटीत टाकायची. शिकागोतील गरीब वस्त्यांमधल्या १४ शाळांत हा कार्यक्रम तपासायचा होता. सात शाळांत तो राबवला जाणार होता आणि उरलेल्या सात त्यांच्याशी जुळणाऱ्या जोडीदार शाळा होत्या.

काय आणि कसे मोजले

मुलांच्या चारित्र्याचे मोजमाप घ्यायचे म्हणजे काय करायचे, हा या प्रकरणातील सर्वांत अवघड भाग आहे आणि अहवाल वाचणारे बहुतेक लोक तोच भाग घाईने उलटतात. येथे तीन ठिकाणांहून माहिती घेतली गेली: मुलांकडून स्वतःबद्दल, पालकांकडून मुलाबद्दल आणि वर्गशिक्षकांकडून मुलाबद्दल. शिक्षकांना शाळेबद्दलही विचारले गेले. या सगळ्यातून २० फलिते, म्हणजे परिणाम तपासायच्या बाबी, ठरवण्यात आली.

मुलांच्या प्रश्नावलीत आक्रमकतेबद्दलच्या धारणा मोजणाऱ्या प्रश्नांचा एक प्रकार असतो. एका मुलाने दुसऱ्याला वाईट शब्द बोलल्यावर दुसऱ्याने ओरडणे बरोबर आहे की चूक, मारणे बरोबर आहे की चूक, अशा स्वरूपाची ही विचारणा असते आणि उत्तर चार पर्यायांतून द्यायचे असते. आठ वर्षांच्या मुलाला अपेक्षित उत्तर ठाऊक असते. कार्यक्रम असलेल्या शाळेत ते त्याला आणखी चांगले ठाऊक असणार, कारण आठवड्यातून काही वेळा त्याला तेच सांगितले जात होते. त्यामुळे अशा मोजमापात चूक झालीच तर ती कार्यक्रमाच्या बाजूने होण्याची शक्यता अधिक. वर्गशिक्षकांच्या नोंदींबाबतही हेच म्हणता येते, कारण आपल्या शाळेत कार्यक्रम चालू आहे हे त्यांना माहीत होते आणि बहुधा त्यावर त्यांनी मेहनतही घेतलेली होती. एवढे झुकते माप असतानाही फरक दिसला नाही. अहवालाच्या टीकाकारांनी या मुद्द्याला पुरेसे महत्त्व दिलेले नाही, असे मला वाटते.

टीकाकारांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. सात वेगवेगळ्या कार्यक्रमांना एकच प्रश्नावली लावली की ज्याचे उद्दिष्ट वर्गातील शिस्त आहे त्यालाही सहानुभूतीच्या मापाने जोखले जाते. शिवाय वर्गशिक्षक दरवर्षी बदलतात. तिसरीत ज्यांनी मुलाबद्दल लिहिले ते वेगळे आणि पाचवीत लिहिणारे वेगळे, त्यामुळे एकाच मुलाच्या नोंदींतील चढउताराला मुलापेक्षा शिक्षकच जास्त कारणीभूत असू शकतात.

निकाल

सातही कार्यक्रम एकत्र घेऊन पाहिले तेव्हा २० फलितांमध्ये सरासरीने सुधारणा आढळली नाही. कार्यक्रम सुटे करून पाहिले तेव्हा काही ठिकाणी संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता कमी असलेले, फरक दिसले, पण त्यांतील काही अनुकूल होते, काही प्रतिकूल होते आणि त्यातून सलग असा नमुना तयार होत नव्हता. येथे गणिताची साधी जाण लागते. नेहमीची पाच टक्क्यांची मर्यादा धरली तर काहीही परिणाम नसताना केवळ योगायोगाने दर २० तुलनांमागे एक ‘लक्षणीय’ ठरते. सात कार्यक्रम आणि २० फलिते म्हणजे एका वर्षाच्याच १४० तुलना झाल्या, आणि त्यांत सातेक ‘यश’ किंवा ‘अपयश’ नुसत्या नशिबाने हाती येतील. एखाद्या कार्यक्रमाच्या माहितीपत्रकात आढळणारी ‘सिद्ध झालेली’ एकुलती एक सुधारणा वाचताना हा हिशेब मनात असलेला बरा.

कार्यक्रम खरोखर राबवलाच गेला नाही, असे मात्र नव्हते. कार्यक्रम मिळालेल्या शाळांतील शिक्षकांनी चारित्र्यविकासाचे उपक्रम तुलनेच्या शाळांपेक्षा अधिक केल्याचे नोंदवले होते. पण हा फरक कोणत्या पातळीपासून मोजला गेला, हे पाहिल्यावर या प्रकरणाचे स्वरूप पालटते.

तुलनेची शाळा

तुलनेच्या शाळा रिकाम्या नव्हत्या. तेथील शिक्षकांनीही चारित्र्य, भांडणतंटे, सहकार्य आणि हिंसाप्रतिबंध यांवर आपण बरेच काही करत असल्याचे सांगितले. हा काळच तसा होता. कोलंबाइननंतर आणि अनुदान वाढल्यानंतर जिच्या भिंतीवर सद्गुणांचे फलक नाहीत आणि जिच्या वेळापत्रकात ‘या महिन्याचे मूल्य’ नाही, अशी शाळा सापडणे कठीण झाले होते. म्हणजे चाचणीने ‘चारित्र्यशिक्षण असणे’ आणि ‘चारित्र्यशिक्षण नसणे’ यांची तुलना केलेलीच नव्हती. बाहेरून आणलेला, प्रशिक्षणासह आलेला, विकत घेतलेला कार्यक्रम एकीकडे आणि शाळा आपल्या पद्धतीने जे करत होती ते दुसरीकडे, असा हा सामना होता.

हे लक्षात घेतले की निकालाचा अर्थ आक्रसतो आणि नेमकाही होतो. शाळा आधीच काही करत असेल, तर त्यावर आणखी एक संच आणून चढवल्याने तीन वर्षांत सरासरी मुलात मोजता येण्याजोगा फरक पडला नाही, एवढेच येथे सिद्ध झाले. शाळेने सगळेच बंद केले तर काय होईल, याचे उत्तर यात नाही, आणि अशी चाचणी कोणीही घेणार नाही. संच विकत घेणाऱ्या प्रशासकाला मात्र हवे असते ते पहिलेच उत्तर, कारण त्याच्यापुढे असलेली निवड नेहमी हीच असते. या अर्थाने अहवाल निरुपयोगी तर नव्हेच, उलट धोरण ठरवणाऱ्यांनी विचारायला हवा होता तोच प्रश्न त्याने विचारला.

आणखी एक कारण सरासरीत दडलेले आहे. तिसरी-चौथीतील बहुसंख्य मुले मारामारी करत नाहीत, चोरी करत नाहीत आणि शिक्षकांशी उद्धटपणे वागत नाहीत. ज्यांच्यात सुधारणेला जागाच थोडी आहे अशांची संख्या मोठी असली की ज्या थोड्या मुलांना खरी मदत झाली असेल, त्यांचा फायदा सरासरीत विरून जातो. न्यूयॉर्कच्या फोर आर्सबाबत हा मुद्दा फार महत्त्वाचा ठरला. तेथील स्थानिक चमूने आपल्या १८ शाळांची स्वतःची मोजमापेही घेतली होती. २०११ मध्ये त्यांनी दोन वर्षांचे निकाल प्रसिद्ध केले. दुसऱ्याच्या कृतीमागे लगेच दुष्ट हेतू पाहण्याची सवय आणि नैराश्याची लक्षणे या शाळांतील मुलांमध्ये कमी आढळली, आणि सुरुवातीला शिक्षकांनी ज्यांना सर्वांत जोखमीची मुले म्हणून नोंदवले होते त्यांची हजेरी व अभ्यासही अधिक सुधारला. शाळा त्याच, मुले तीच. फरक होता तो कोणाकडे पाहिले आणि कशाने मोजले यात.

शिकागोची दोन उत्तरे

हा विरोध शिकागोत सर्वांत ठळक होतो. मॅथेमॅटिकाच्या अहवालात त्या १४ शाळांमध्ये पॉझिटिव्ह ॲक्शनचा सलग म्हणावा असा लाभ दिसला नाही. स्थानिक चमूने त्याच शाळांतील पाचवीच्या मुलांबद्दल जो लेख प्रसिद्ध केला, त्यात कार्यक्रमाच्या शाळांतील मुलांनी व्यसने, हिंसा आणि दांडगाई यांसंबंधीचे वर्तन साधारण तीस ते चाळीस टक्क्यांनी कमी नोंदवल्याचे म्हटले आहे. चमूने आठवीपर्यंत, म्हणजे एकूण सहा वर्षे, पाठपुरावा केला आणि पुढील लेखांतही अनुकूल निकाल मांडले.

दोघांपैकी कोणी खोटे बोलत आहे, असे मानण्याची गरज नाही. चमूने वापरलेली प्रश्नावली वेगळी होती आणि मुलांनी स्वतः सांगितलेल्या वर्तनावर ती आधारलेली होती. पाचवीतल्या मुलांमध्ये दारू किंवा सिगारेट चाखून पाहणारे थोडेच असतात, त्यामुळे मूळ आकडा लहान असतो, आणि लहान आकड्यातील घट टक्क्यांत सांगितली की मोठी भासते. दुसरीकडे हेही खरे की जे कार्यक्रम प्रामुख्याने वर्तनासाठी घडवलेले आहेत त्यांचा परिणाम वर्तनाच्याच मापावर आधी दिसेल, सहानुभूतीच्या प्रश्नावलीवर कदाचित दिसणारही नाही.

हितसंबंधाचा मुद्दा येथे टाळता येत नाही. शिकागोच्या अभ्यासाचे एक मुख्य संशोधक ब्रायन फ्ले हे कॅरल ऑलरेड यांचे पती होते आणि कंपनीतील हा आर्थिक संबंध लेखांमध्ये उघडपणे नोंदवलेला आहे. नोंदवला गेला ही चांगली गोष्ट आहे आणि त्यावरून संशोधन वाईट ठरत नाही. पण कोणते माप निवडायचे, कोणत्या वर्षीचे निकाल आधी छापायचे, कोणती तुलना लेखाच्या सारांशात घ्यायची, असे शेकडो छोटे निर्णय अशा कामात घ्यावे लागतात, आणि ज्याला कार्यक्रम यशस्वी व्हावा असे मनापासून वाटते, तो प्रामाणिक असला तरी त्याचे निर्णय एका बाजूला कलतात. स्वतंत्र मोजणाऱ्याची गरज यासाठीच असते, अप्रामाणिकपणाच्या संशयासाठी नव्हे.

या गोष्टीला सरकारी कारभाराचा एक खास पदरही आहे. इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन सायन्सेसचेच ‘व्हॉट वर्क्स क्लिअरिंगहाउस’ नावाचे दुसरे अंग आहे. उपलब्ध संशोधन तपासून कार्यक्रमांना श्रेणी देणे हे त्याचे काम. २००७ मध्ये या अंगाने पॉझिटिव्ह ॲक्शनला वर्तन आणि अभ्यास या दोन्हींसाठी वरची श्रेणी दिली. तेव्हा समोर असलेल्या पुराव्यात हवाईतील अभ्यासाचा मोठा वाटा होता. तेथे २० शाळांपैकी दहांत कार्यक्रम राबवला होता आणि शाळेच्या दप्तरातून घेतलेल्या आकड्यांनुसार गैरहजेरी व निलंबने कमी झाल्याचे दिसले होते. हवाईचा पुरावा मुलांच्या स्वतःबद्दलच्या उत्तरांपुरता मर्यादित नव्हता, त्यामुळे तो सहज बाजूला सारण्यासारखा नाही. तरीही एकाच संस्थेच्या एका दालनातून २००७ मध्ये शिफारस बाहेर पडली आणि दुसऱ्या दालनातून २०१० मध्ये ‘परिणाम नाही’ असा अहवाल. एखाद्या जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्याने या दोहोंपैकी कोणता कागद फायलीला लावायचा?

अहवालानंतर लवकरच, २०११ मध्ये, जोसेफ डर्लाक आणि सहकाऱ्यांचे संकलित विश्लेषण, म्हणजे अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून केलेले विश्लेषण, प्रसिद्ध झाले. त्यात सामाजिक व भावनिक शिक्षणाचे २१३ कार्यक्रम आणि २ लाख ७० हजारांहून अधिक विद्यार्थी होते, आणि अशा कार्यक्रमांतील मुले अभ्यासात सरासरी ११ शततमकांनी (पर्सेंटाइलने, म्हणजे शंभरांच्या क्रमवारीत साधारण ११ स्थानांनी) पुढे असल्याचे मांडले होते. तेव्हापासून धोरणाच्या कागदांत हाच आकडा अधिक उद्धृत होतो. दोन्हींत पूर्ण विसंगती आहे असे नाही. अशा संकलनात निर्मात्यांच्या देखरेखीखाली, थोड्या शाळांत, उत्साही शिक्षकांकरवी झालेल्या लहान चाचण्याही एकत्र येतात. ८४ शाळांची चाचणी त्याहून मोठी, बाहेरच्या मोजणाऱ्याची आणि आधीच काही ना काही करणाऱ्या शाळांशी तुलना करणारी होती. संकलनात दिसणारा लाभ अशा परिस्थितीत आटतो, हे अनेक क्षेत्रांत आढळले आहे. मला कोणी विचारले की एखादा कार्यक्रम राज्यभर नेला तर यांपैकी कोणत्या निकालाच्या जवळपास आपण पोचू, तर मी ८४ शाळांच्या निकालाकडे बोट दाखवीन.

महाराष्ट्रातील शाळांसाठी हे प्रकरण का वाचावे

महाराष्ट्रातील कोणत्याही शाळेत दिवस परिपाठाने सुरू होतो. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, बोधकथा, दिनविशेष हे सारे त्यात येते. मूल्यशिक्षणाची श्रमप्रतिष्ठेपासून वैज्ञानिक दृष्टिकोनापर्यंतची दहा मूल्ये शिक्षकांना पाठ असतात. २००९ मध्ये शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने राज्य शासनासोबत बीड जिल्ह्यातील ५०० जिल्हा परिषद शाळांमध्ये ‘मूल्यवर्धन’ हा कार्यक्रम सुरू केला आणि पुढे तो राज्यभर पसरला. संविधानातील मूल्यांवर आधारलेला, मुलांनी जोडीने व गटाने करायच्या कृतींचा हा कार्यक्रम निव्वळ उपदेशाच्या तासापेक्षा बराच पुढचा आहे आणि त्याच्या मांडणीत मला दम वाटतो.

अमेरिकी चाचणी नेमकी येथे लागू पडते. आपल्याकडे कार्यक्रमाचा आढावा म्हटला की किती शिक्षकांना प्रशिक्षण दिले, किती पुस्तिका पोचल्या, केंद्रप्रमुखांनी किती शाळांना भेटी दिल्या, हे आकडे समोर येतात. ते कामाचे आकडे आहेत, परिणामाचे नाहीत. आणि एकदा कार्यक्रम सगळ्या शाळांत एकाच वर्षी लागू झाला की परिणाम मोजण्याचा मार्गच बंद होतो, कारण ज्यांच्याशी ताडून पाहायचे अशा शाळा उरत नाहीत. पहिल्या वर्षी प्रत्येक जिल्ह्यातील निम्मे तालुके चिठ्ठ्या टाकून निवडले आणि उरलेल्या निम्म्यांना कार्यक्रम दोन वर्षांनी दिला, तर कोणावर अन्याय होत नाही, छपाई व प्रशिक्षणाचा ताण विभागला जातो आणि तुलना आपोआप मिळते. प्रशिक्षक सगळीकडे एकाच वेळी पुरत नसल्याने टप्पे तर नाहीतरी पाडावे लागतात. प्रश्न एवढाच असतो की पहिला टप्पा कोणाला, हे चिठ्ठीने ठरावे की ओळखीने.

दुसरा गट काय करत असेल, याचीही नोंद हवी. तेथे परिपाठ असेलच, आणि काही शिक्षक त्यात फार चांगले काम करत असतील. ती नोंद नसेल तर ‘फरक पडला नाही’ या वाक्याचा अर्थ लावता येत नाही, आणि अमेरिकी अहवालावरील अर्धा वाद याच वाक्याच्या अर्थावर झाला आहे.

माप कोणते घ्यायचे, हे मात्र आपल्याला तेथून उसने घेता येणार नाही. हवाईत निलंबनांची संख्या उपयोगी पडली. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही आणि वर्गाबाहेर उभे करण्याची कोठे नोंद होत नाही, त्यामुळे तसा आकडाच नसतो. गैरहजेरी हजेरीपटावरून काढता येईल, पण त्याच पटाशी शालेय पोषण आहाराचा हिशेब जोडलेला असतो, म्हणून तो तटस्थ कागद मानता येत नाही. स्वतःबद्दलच्या प्रश्नावलीत दहा मूल्ये पाठ असलेले मूल काय उत्तर देईल हे उघड आहे. उरतो तो मधल्या सुट्टीत आणि गटकार्याच्या वेळी वर्गात बसून निरीक्षण करण्याचा मार्ग. तो महाग आहे, थोड्याच शाळांत झेपेल, आणि त्यासाठी लागणारी माणसे कार्यक्रम राबवणाऱ्या संस्थेच्या पगारावरची नसावीत, तसेच आपण पाहत असलेली शाळा कोणत्या गटातील आहे हेही शक्यतो त्यांना सांगितलेले नसावे.